शिदूची लिंक

शिदूला काढलं त्याला मी कारण, असं आमच्या ऑफिसात कुणी तोंडावर म्हणत नाही. म्हणणार कोण? हसायला सगळेच होते. पण चहाच्या वेळी मी आत गेले की बोलणं थांबतं, तेवढं मला कळतं. म्हणून एकदाचं माझ्याच तोंडानं सांगून टाकते. ज्याला नावं ठेवायची त्यानं खुशाल ठेवावीत. आमच्या कान्हे गावात मी तशीही तोंडाळ म्हणूनच ठाऊक आहे.

मी सारिका. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं 'घाटमाथा व्हिला'चं ऑफिस आहे. खंडाळ्यातले चौदा बंगले आम्ही शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्यानं देतो. बंगले दुसऱ्यांचे, धंदा प्रज्ञेश सरांचा, आणि फोन, बुकिंग, तक्रारी, वेबसाइट हे सगळं माझ्या गळ्यात. तळेगावला वेबसाइटचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता, त्या जोरावर साइट मीच चालवत होते. चांगली चालवत होते, हेही सांगून ठेवते.

चौदातला एक बंगला 'शीतल छाया'. घाटाच्या कडेला, बोळाच्या अगदी टोकाला. त्याचा रखवालदार शिदू आणि त्याची बायको चिंगी. दोघं राजमाचीच्या वाटेवरच्या वाडीतले. सव्वीस वर्षं बंगल्यामागच्या पत्र्याच्या खोलीत राहत होते. वाडीतलं त्यांचं खोपट केव्हाच बसलं होतं, शेत म्हणाल तर कधी नव्हतंच. नोकरी गेली तर खोली गेली आणि खोली गेली तर सगळंच गेलं, असा तो हिशेब. शिदू वयानं माझ्या बापाएवढा, पण वाडीवरच्या माणसाला आमच्याकडं अहो-जाहो करायची रीत नाही. मी त्याला शिदू म्हणायची आणि तो मला ताई म्हणायचा. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

ऑगस्टमध्ये सोलापूरचे एक मास्तर आईला घेऊन तिथं उतरले होते. सकाळी आठला म्हातारी न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. रात्रभरच्या पावसानं बोळात झाड आडवं पडलेलं, ॲम्ब्युलन्स आत येईना. शिदूनं व्हरांड्यातली लाकडी खुर्ची घेतली, म्हातारीला तिच्यात बसवून चादरीनं बांधलं आणि खुर्ची स्वतःच्या पाठीला बांधली. वाडीवर डोलीला माणसं कमी पडली की असंच नेतात म्हणे. त्या पावसात, पडलेल्या झाडाखालून वाकून, त्यानं तिला हमरस्त्यापर्यंत आणलं. म्हातारी वाचली. मास्तरांनी घरी गेल्यावर आमच्या साइटवर अभिप्राय लिहिला. तो मला आजही पाठ आहे, आणि ते पाठांतर कुठं कामी आलं ते पुढं कळेलच.

"बंगला चांगला आहे, पाणी गरम येते, पण ते सगळे आम्ही विसरू. शिदूभाऊंना विसरणार नाही. भर पावसात आईला पाठीवर घेऊन ते हमरस्त्यापर्यंत आले आणि वाटेत एकदाही टेकले नाहीत. असा माणूस ज्या घराच्या दारात आहे त्या घराला कुलपाची गरज नाही."

खरं सांगते, मला राग आला. ॲम्ब्युलन्स मी बोलावली होती. पाऊण तास फोन कानाला लावून मी बसले होते, ड्रायव्हरला वाट सांगत, मास्तरांना धीर देत. माझं नाव कुठंच नाही. पाठीवर उचललेलं लोकांना दिसतं, फोनवर घसा कोरडा केलेला दिसत नाही.

दोन दिवसांनी शिदू ऑफिसात आला. मास्तरांनी त्याला फोन करून सांगितलं होतं की तुमच्याबद्दल लिहिलंय. चिंगीचं म्हणणं होतं की ते कागदावर घ्यावं, उद्या उपयोगी पडेल. बंगल्याचे म्हातारे मालक वर्षापूर्वी वारले होते. सगळं सुनेच्या हातात गेलं होतं, आणि सूनबाई आपल्याला ठेवतात की नाही याचा घोर दोघांना लागला होता. शिदूला अक्षरओळख नाही. मी त्याला अभिप्राय वाचून दाखवला तर त्याला 'भाऊ'च तेवढं ऐकू गेलं. पुन्हा वाचायला लावलं.

"भाऊ म्हनलंय?" त्यानं विचारलं.

म्हटलं, हो, भाऊ म्हटलंय. त्याच्याकडं पोराचा जुना मोठा फोन होता. पोरगा पुण्याकडं बांधकामावर गेला तो तिकडचाच झाला, फोन तेवढा मागं राहिला. शिदू म्हणाला, याच्यात फोटो काढून द्या. आणि मी, शहाणी, त्याला समजावत बसले. फोटो काय, कुणीही बनवतो, त्याच्यावर आज कोण विश्वास ठेवतं? लिंक घे. लिंकवर बोट ठेवलं की कंपनीचं खरं पान उघडतं आणि ते थेट तुझ्या नावाच्या चौकटीवर जाऊन थांबतं. त्यात कुणाला काही घुसडता येत नाही. त्याच्या फोनच्या पहिल्याच पडद्यावर मी ते चिन्ह ठेवून दिलं आणि चार वेळा दाबून घेतलं. चारही वेळा पान सरसर खाली गेलं आणि बरोबर त्याच्या अभिप्रायावर थांबलं. खाली लहानसा अंगठा होता. तो कशाला, म्हणून त्यानं विचारलं. मी सांगितलं की ज्याला आवडलं तो दाबतो. शिदू हसला. जन्मभर जिथंतिथं अंगठाच उठवला, म्हणाला, आता लोकांनी माझ्यासाठी उठवू द्या.

इथं थोडं कामाचं सांगावं लागेल, त्याशिवाय माझा गुन्हा कळायचा नाही. अभिप्रायांचं पान काही छापून भिंतीला चिकटवलेलं नसतं. कुणी उघडलं की त्या क्षणी ते नव्यानं तयार होतं. साठवलेले अभिप्राय बाहेर काढायचे, क्रम लावायचा आणि एकाखाली एक चौकटी मांडायच्या. लिंकच्या शेपटीला चौकटीचं नाव जोडलं की पान उघडून थेट तिथं जातं. आता चौकटींना मी नावं दिली होती ती वरून मोजून. पहिली, दुसरी, तिसरी. शिदूचा अभिप्राय सगळ्यात वर होता, म्हणून त्याच्या लिंकमध्ये पहिली. खरं तर प्रत्येक अभिप्रायाला साठवतानाच स्वतःचा कायमचा नंबर मिळतो. चौकटीला तो द्यायचा, म्हणजे अभिप्राय वर जावो खाली जावो, लिंक चुकत नाही. कोर्सात हे शिकवलं होतं. पण रेशनच्या रांगेत 'पहिला उभा आहे तो माझा बाप' म्हणून खूण सांगावी, तसं मी करून ठेवलं होतं. रांग हलली की पहिला भलताच.

पहिले तीन-चार महिने काही बिघडलं नाही, आणि त्यालाही कारण होतं. सरांनी हुकूम काढला की नवा अभिप्राय वर नको, ज्याला जास्त अंगठे तो वर. आणि शिदू तर येईल त्या पाहुण्याला फोन दाखवत होता. पाणी तापवून दिलं की फोन पुढं. चिंगीनं पिठलं-भाकरी वाढली की फोन पुढं. "वाचा," म्हणायचा, "आन आवडलं तर आंगठा दाबा." लोक वाचायचे, दाबायचे, कुणी पाठीवर थाप मारायचं. छत्तीस अंगठे झाले. त्याचा अभिप्राय हलायचं नाव घेत नव्हता.

मग नाताळच्या आठवड्यात मुंबईहून सहा-सात जणांचं टोळकं आलं. पोरं-पोरी, दोन दिवस दारू आणि गाणी. त्यांना म्हाताऱ्या मालकांची बंद खोली उघडून हवी होती. शिदूनं ती उघडली नाही. प्यालेली माणसं बंगल्याच्या पोहण्याच्या तलावात उतरली की कुणीतरी काठावर थांबायचं, हा नियम. आमच्याच नियमांच्या यादीत आहे, मीच टाईप केलाय. म्हणून तो काठावर थांबला. जाताना एकाचं घड्याळ सापडेना. गेल्यावर त्यांनी लिहिलं:

"बंगला झकास. रखवालदार मात्र जंगलातून पकडून आणलाय. अंगाला असा वास की कुत्रीसुद्धा लांबून जातात. पोरी पाण्यात उतरल्या की हा झाडाआड टक लावून हजर. एक घड्याळ गेलं, ते माकडानं नेलं असं म्हणू, दोन पायांच्या की चार पायांच्या ते तुम्ही ठरवा. सामान मोजून घ्या आणि खिडक्या उघड्या ठेवा, वासासाठी."

दोन दिवसांनी गिझरच्या मागं घड्याळ सापडलं. चिंगीनं ते पदरात गुंडाळून ऑफिसात आणून दिलं आणि मीच ते कुरियरनं पाठवलं. अभिप्राय काढू का, असं सरांना विचारलं. सर म्हणाले, आपण अभिप्राय काढत नाही, म्हणून तर लोकांचा विश्वास बसतो. आणि लोक हे वाचतात गं, म्हणाले, बघ किती अंगठे. त्या टोळक्यानं तो आपल्या मित्रांना धाडला होता. दोन दिवसांत एकसष्ट अंगठे. मास्तरांचा अभिप्राय दुसऱ्या जागी घसरला.

शिदूची लिंक मात्र पहिल्याच चौकटीवर जात राहिली.

मला हे जानेवारीत कळलं, एका बाईंच्या फोनवरून. त्या चेक-आउट करताना हसत होत्या. तुमचा रखवालदार भारी विनोदी आहे हो, म्हणाल्या, स्वतःची बदनामी स्वतःच फिरवतोय आणि वर अंगठा दाबा म्हणतोय. मी फोन ठेवला, पान उघडलं आणि एका क्षणात सगळं माझ्या ध्यानात आलं. रांग हलली होती.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. चौकटींना कायमचे नंबर द्यायचे आणि शिदूला बोलावून नवी लिंक घालून द्यायची. मी खुर्ची पुढं ओढलीसुद्धा. पण आधी सरांना सांगितलं, कारण एवढी गंमत पोटात ठेवणं मला जमेना. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. शेजारच्या ट्रॅव्हलवाल्याला बोलावून त्यालाही सांगितलं. मी शिदूची नक्कल करून दाखवली, फोन असा दोन्ही हातांनी पुढं धरलेला, मान खाली, "आवडलं तर आंगठा दाबा." सगळे हसले आणि सगळ्यात जास्त मी हसले. खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. पाठीवर उचलून नाव मिळवलं होतं ना, मिळव आता.

मग तो दर सोमवारचा खेळच झाला. चहाच्या वेळी कुणीतरी विचारायचं, आज किती? मी साइट उघडून सांगायची. एकशे चार. एकशे तीस. शिदूनं स्वतः दाबायला लावलेले त्यातले निम्मे तरी असतील. पाहुणे त्याच्या तोंडावर काही बोलत नव्हते, शिकलेली माणसं ती. वाचायची, त्याच्याकडं बघायची, छान छान म्हणायची आणि खोलीत जाऊन बॅगांना कुलपं लावायची. चिंगी एकदा आमच्या झाडूवालीला म्हणाली होती की हल्ली पाहुणे जेवणाचं ताट आमच्या हातून घेत नाहीत, ओट्यावर ठेव म्हणतात. झाडूवालीनं ते मला सांगितलं. मी ते ऐकून घेतलं आणि माझ्या कामाला लागले.

फेब्रुवारीत सूनबाई येणार असं कळलं. अमृता मॅडम, मुंबईच्या. बंगला पाच वर्षांच्या करारानं पूर्णपणे आमच्याकडं द्यायचा आणि नोकरमाणसांचं काय ते त्याच दिवशी ठरवायचं, असा बेत होता. सरांना तिथं आपला मेहुणा करण बसवायचा होता. हे त्यांनी कधी उघड बोलून दाखवलं नाही, पण करणला दोन वेळा बंगला दाखवून आणला होता.

त्या दिवशी सकाळी दहाला शिदू ऑफिसात आला. दाढी केलेली, धुतलेला पांढरा सदरा, केसांना तेल. मॅडम चारला येणार होत्या. त्याला फक्त एक विचारायचं होतं.

"ताई, मालकीनबाईंना ही दावू ना? सव्वीस वर्सं कुटं कागुद न्हाई माज्याजवळ. एवढंच हाय."

सर केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, सारिका, आज साइटला हात लावू नकोस हं, बुकिंगची गर्दी आहे. बुकिंगची गर्दी मंगळवारी कधी नसते. मला कळलं आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. मी नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती का? नसती गेली. चार दिवस तोंड वाकडं केलं असतं त्यांनी, बस. सहा तास माझ्या हातात होते आणि काम दहा मिनिटांचं.

"दाखव की," मी म्हटलं.

तो खूश होऊन जिना उतरला.

चार वाजता सामानाची यादी घेऊन मी बंगल्यावर हजर होते, कारण पलंग, गाद्या, भांडी मोजून द्यायची होती. अमृता मॅडम वाईट बाई नव्हत्या. दमलेल्या दिसत होत्या, पण बोलायला मऊ. त्यांनी चिंगीला पाणी मागितलं, बागेतल्या आंब्याकडं बघून हा कुणी लावला म्हणून विचारलं. शिदूनं लावला होता. सासरे शिदूचं नाव नेहमी काढायचे, असंही म्हणाल्या. मला तेव्हा वाटलं की जमतंय बहुतेक. आणि मला ते आवडलं की नाही, हे आज सांगता येत नाही. व्हरांड्यात त्या बसल्या होत्या ती तीच लाकडी खुर्ची.

त्या म्हणाल्या, शिदू, आता सगळं या लोकांच्या ताब्यात जाणार, पण मी सांगितलं तर ते तुला ठेवतील. तुझ्याबद्दल पाहुण्यांचं काय मत आहे, तेवढं मला बघायचंय.

शिदू याच प्रश्नाची वाट बघत होता. त्यानं फोन सदऱ्याला पुसला, चिन्हावर बोट ठेवलं, पान सरसर खाली गेलं आणि थांबलं. दोन्ही हातांनी फोन पुढं धरून तो मान खाली घालून उभा राहिला. अगदी माझ्या नकलेसारखा.

मॅडमनी वाचलं. पुन्हा वरून वाचलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे तू स्वतः दाखवतोयस मला?"

"व्हय. माजंच हाय. येईल त्येला दावतो."

"आणि हे सगळं खरं आहे?"

"येक शबुद खोटा न्हाई, बाई," शिदू म्हणाला. "म्हाताऱ्या मालकांची शपत."

मॅडम माझ्याकडं वळल्या. हे तुमच्याच साइटवर आहे ना, म्हणून विचारलं. दुसऱ्या चौकटीत मास्तरांचा अभिप्राय होता. बोटभर खाली सरकवलं असतं तर दिसला असता. मी म्हणू शकत होते, मॅडम, जरा खाली बघा. चार शब्द. माझ्या तोंडाची एवढी ख्याती, पण तेव्हा त्यातून एकच शब्द निघाला.

"हो."

त्यांनी फोन त्याला परत दिला आणि बोटं रुमालाला पुसली. निर्लज्ज आहे की वेडा आहे हे त्यांना कळेना, असं त्यांनी नंतर सरांना फोनवर सांगितलं. पण दोन्हीपैकी काहीही असलं तरी असा माणूस घरात नको. शिदूला त्या एवढंच म्हणाल्या की महिनाअखेर खोली रिकामी करा. पहिल्यांदा त्यांनी 'करा' म्हटलं. शिदूला वाटलं की खोली रंगवायला काढतायत. कुठली भिंत आधी रिकामी करू, असं त्यानं विचारलं, तेव्हा मला ते समजावून सांगावं लागलं. चिंगी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं तो खाली ठेवला आणि आत गेली.

महिनाअखेर करण आला. शिदू-चिंगीचं सामान एका टेम्पोच्या कोपऱ्यात मावलं. आंब्याला तेव्हा मोहोर होता.

मार्चमध्ये सरांनी साइट पुण्याच्या एका कंपनीकडं सोपवली. आता मला पान नुसतं बघता येतं, त्यात बदल करता येत नाही. हे सांगतेय ते सुटका म्हणून नव्हे. पुढं जे झालं ते नीट कळावं म्हणून सांगतेय.

एप्रिलमध्ये एका दुपारी दोघं जिना चढून वर आले. शिदू वाळला होता. वाडीवर भावाच्या पडवीत राहत होते, चिंगी दुसऱ्यांच्या बांधावर मजुरीला जात होती. ऑफिसात एक जोडपं बुकिंगसाठी बसलेलं होतं. पुण्याचं असावं, बाईंनी पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली. शिदू अदबीनं कडेला थांबला होता. मीच पुढं बोलावलं.

त्यानं फोन माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, चिंगी म्हणते यात काहीतरी दुसरंच आहे. वाचून लोक हसतात म्हणते. मालकीणबाईंनी बोटं पुसली ती हिनं बघितली. दोन ठिकाणी कामाला विचारलं, दोन्हीकडं फोन दाखवला आणि दोन्हीकडून हाकलून दिलं.

"तुमीच वाचून दावा, ताई. तुमीच दिली व्हती."

मी लिंक दाबली. पान सरसर खाली गेलं. जंगलातून पकडून आणलाय. अंगाला वास. दोन पायांच्या की चार पायांच्या.

सांगायचं होतं. शपथेवर सांगते, तोंड उघडलं ते सांगायलाच उघडलं. पण सांगितलं की पुढचे प्रश्न आले. हे कधीपासून? तुम्हाला ठाऊक होतं? दाखव की म्हणालात, तेव्हासुद्धा? चिंगी त्याच्या खांद्यामागून बघत होती. फोनकडं नव्हे, माझ्या डोळ्यांकडं. वाचता येत नसलं तरी वाचणाऱ्याचे डोळे ओळीवरून फिरतात एवढं तिला ठाऊक होतं, आणि माझे फिरतायत का ते ती बघत होती.

मी डोळे फिरवले. त्या घाणेरड्या ओळींवरून एकेक शब्दागणिक डोळे फिरवले आणि तोंडानं पाठ म्हटलं.

"बंगला चांगला आहे, पाणी गरम येते, पण ते सगळे आम्ही विसरू. शिदूभाऊंना विसरणार नाही." सगळं म्हटलं, कुलपाच्या वाक्यापर्यंत. कुठं अडखळले नाही. हे वाचून दाखवणं सोडलं तर माझ्या तोंडून 'शिदूभाऊ' असं कधी निघालं नाही आजवर.

शिदूच्या अंगातला ताण सुटला. तो चिंगीकडं वळून म्हणाला, "बघ, म्हनलं न्हवतं?" चिंगीनं पदरानं तोंड पुसलं. तिचा संशय गेला होता, आणि संशय घेतला म्हणून ती शरमली होती. हे मी केलं.

मग त्यांनी का काढलं, म्हणून त्यानं विचारलं. सरांना त्यांचा माणूस बसवायचा होता, मी सांगितलं. ते खरंच होतं. त्याला पटलं. मोठ्या लोकांचं असंच असतं, म्हणाला. आता सुदुंबऱ्याच्या बाजूला एका कारखान्याच्या फाटकावर माणूस हवा आहे, उद्या तिथं जाऊन दाखवतो.

आता मात्र मी कॉम्प्युटरकडं वळले. मास्तरांच्या अभिप्रायाचा जुना फोटो माझ्या कॉम्प्युटरवर होता. म्हटलं, शिदू, ही लिंक राहू दे, जुनी झाली. मी तुला फोटो देते, तोच दाखव. घाईघाईनं मी त्याच्या फोनवर तो पाठवलासुद्धा. ते जुनं चिन्ह काढून टाकायला मी हात पुढं केला तर त्यानं फोन मागं घेतला. नाराजीनं नव्हे, उलट मला समजावत.

"फोटू नगं, ताई. फोटू कुनीबी बनिवतो. तुमीच म्हनला व्हता. लिंक खरी. आन आत्ता तुमीच वाचली की."

चूक आहे म्हणावं तर आत्ता घडाघडा वाचली कशी? मी म्हटलं, बरं.

तो जायला वळला. दारापाशी त्याला ते जोडपं दिसलं आणि त्याला राहवलं नाही. आनंद झाला होता ना. तो त्यांच्यापुढं गेला, फोन सदऱ्याला पुसला, चिन्हावर बोट ठेवलं आणि दोन्ही हातांनी पुढं धरून मान खाली घातली.

"वाचा," म्हणाला. "माजंच हाय. आवडलं तर आंगठा दाबा."

दोघांनी वाचलं. बाईंनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. नवऱ्यानं ओठ दाबून हसू आवरलं, म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून छान आहे म्हणाला आणि दाबला. माझ्या कॉम्प्युटरवर पान उघडंच होतं, ते मी पुन्हा उघडलं तर दोनशे अठराचे दोनशे एकोणीस झाले होते.